घरच्या भिंतीवर घरचे चित्र

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ओळखीच्या एका घरी जाण्याचा योग आला. घर नवे, विटा-सिमेंटचे, वर स्लॅब. बैठकीच्या भिंतीवर एक भले मोठे चित्र टांगलेले. बर्फाचे डोंगर, निळे तळे, काठावर लाल छपराची झोपडी. चौकट नुसती चकाकत होती. मी विचारले, “केवढ्याला पडले?” यजमान म्हणाले, “चौदाशे रुपये, गुरुजी. वर्ध्याहून आणले.” “ठिकाण कुठले हे?” यावर मात्र सगळे एकमेकांकडे पाहू लागले. ते कोणालाच ठाऊक नव्हते. छापणाऱ्याला तरी ठाऊक असेल की नाही, देव जाणे.

जेवण झाल्यावर हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. तिथे जुना गोठा अजून उभा आहे. त्याच्या मातीच्या भिंतीवर एक बैलजोडी काढलेली होती. गेरूची, शिंगे काळी, पाठीवर झूल आणि झुलीवर चुन्याचे ठिपके. पावसाने खालचे पाय धुपून गेले होते, पण माना अशा काही ताठ होत्या की बैल आत्ता शिवारातून आले असे वाटावे. घरच्या म्हाताऱ्या बाईंनी ती पोळ्याला काढली होती. खर्च किती? चार-आठ आण्यांच्या जमान्यात तो चार-आठ आणे होता, आज दहा-पंधरा रुपये असेल. ते चित्र मात्र मला कोणी दाखविले नाही. उलट मी पाहत उभा राहिलो तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “ते काय, आमच्या सासूबाईंचे आपले काहीतरी.”

विकतची चित्रे कोणी घेऊच नयेत, असे सांगण्यासाठी मी आलेलो नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे आणि ज्याला हौस आहे, त्याने जरूर घ्यावीत. माझे म्हणणे एवढेच की ज्या घरात पैसा नाही त्या घराच्या भिंतीही कोऱ्या राहण्याचे कारण नाही. आणि त्या सासूबाईंचे ‘काहीतरी’ म्हणजे ज्ञान आहे. ते आज आपल्या गावोगाव एकेका म्हातारीबरोबर संपत चालले आहे.

आपण वर्धा जिल्ह्यातले लोक या बाबतीत भाग्यवान आहोत. भिंतीवरच्या स्वस्त चित्राचा उत्तम धडा पाहण्यासाठी आपल्याला कुठे लांब जावे लागत नाही. वर्ध्यापासून चार-पाच मैलांवर सेवाग्राम आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तेथे प्रथम आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊ लागला म्हणून १९४० साली ते सेवाग्राम झाले. झोपडी बांधताना शंभर रुपयांच्या वर खर्च करू नये आणि सामान आसपासचेच वापरावे, अशी गांधीजींची अट होती असे सांगतात. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबहेन यांच्यासाठी बांधलेली. या मीराबहेन म्हणजे इंग्लंडच्या आरमारातील एका मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी. त्या इथे आल्या, मातीत हात घातले आणि भिंतीवर चित्रे उठविली. ताडखजुरीची झाडे, चरखा, ओम्.

मी शाळेच्या मुलांना घेऊन तेथे अनेकदा गेलो आहे. प्रत्येक वेळी एखादा मुलगा विचारतोच, “गुरुजी, याला रंग कोणता दिला?” रंग दिलेलाच नाही! जी माती भिंतीला, तीच चित्राला. ओली माती भिंतीवर जाड धाग्यासारखी बसवायची, कडा बोटाने भिंतीत मुरवायच्या. खिडकीतून उजेड तिरपा आला की उंचवट्याची बारीक सावली पडते, आणि ती सावलीच रेघ होते. सकाळी झाड एका अंगाने दिसते, दुपार कलली की दुसऱ्या अंगाने. याच्याहून स्वस्त चित्र कसले असणार?

हे उठावाचे काम आपल्या बायकांना शिकवावे लागत नाही. भाद्रपदात मातीच्या भुलाबाई करणारे हात हेच काम करू शकतात. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, सुकलेल्या भिंतीवर ओली माती तशीच थापली तर ती वाळताच पापुद्र्यासारखी सुटते. म्हणून जिथे चित्र उठवायचे तेवढी जागा खिळ्याने आडवीतिडवी खरवडून, पाण्याने भिजवून घ्यावी. दुसरी, माती अर्ध्या इंचापेक्षा जाड थापू नये. जाड मातीचे वरचे अंग आधी सुकते, आतले मागाहून, आणि चित्राला भेगा पडतात.

आता माती कोणती? आपले जुने लोक ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन शब्द वापरीत. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. हा भेद नुसता बोलण्यातला नाही. कपाशीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकाला ती सोने आहे, भिंतीला शत्रू. गावठाणाची पांढरी माती तशी फुगत नाही. म्हणून घरे पांढरीच्या मातीने बांधीत आणि लिंपीत. चित्रासाठी तीच माती घ्यावी, चाळून. तीन घमेली मातीला एक घमेले ताजे शेण आणि दोन-तीन ओंजळी बारीक कुटार. पाण्यात कालवून तीन-चार दिवस झाकून ठेवावे, रोज एकदा तुडवावे. वास येईल; येऊ द्यावा. माती मुरल्याशिवाय चिकटपणा येत नाही. कुटाराचे काम भेगा अडवायचे, शेणाचे काम धरून ठेवायचे.

तुम्ही म्हणाल, शेणामातीचे चित्र टिकणार ते किती? तर आपल्याच महाराष्ट्रातल्या अजिंठ्याकडे पाहा. तिथल्या सर्वांत जुन्या चित्रांना दोन हजार वर्षे झाली, बहुतेक बाकीची पाचव्या शतकातली. जगभरचे लोक ती पाहायला येतात. ती चित्रे कशावर आहेत? खडकावर मातीचा गिलावा, त्यात भुसा, गवताच्या काड्या, वरून पातळ पांढरा हात आणि त्यावर रंग. रंगांतला बाहेरदेशाहून आणलेला एकच, तो दुरून येणारा निळा दगड. बाकी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरी. म्हणजे तुमच्या आजीच्या कोनाड्यात जे होते त्याहून फारसे वेगळे नाही. मात्र ती चित्रे लेण्याच्या आत, पावसाच्या माऱ्यापासून दूर आहेत. बाहेरच्या भिंतीवर काढलेले चित्र दोन पावसाळ्यांत जाणारच. ते जाण्यासाठीच असते. दर पोळ्याला नवे काढायचे.

आता माझीच एक चूक सांगतो. सांगायला संकोच वाटतो, पण गुरुजी मंडळी ऐकत असतील तर त्यांच्या उपयोगी पडेल.

१९८८ साली मी एका लहान खेड्यात शाळेवर होतो. शाळा कौलारू, जाड मातीच्या भिंतींची. तेथे पाणी भरणारी एक आजी होती. नागपंचमीपासून पोळ्यापर्यंत ती शाळेच्या ओसरीवर चित्रे काढी. नाग, बैल, तुळशीचे झाड आणि एक मोर. मुले भोवती बसून तिला गेरू कालवून देत. कोणी तिला सांगितले नव्हते, कोणी पैसे दिले नव्हते. त्या वर्षी तपासणी व्हायची होती. मला वाटले, शाळा कशी स्वच्छ, झकपक दिसली पाहिजे. गावकऱ्यांकडून वर्गणी जमविली, तालुक्याहून रंगारी बोलाविला आणि ओसरीच्या भिंतींना खालून चार फूट निळा तैलरंग देऊन वर सुविचार लिहून घेतले. आजीचा मोर त्या निळ्या रंगाखाली गेला. ती पाहत होती. काही बोलली नाही. मीही काही विचारले नाही.

तपासणी उत्तम झाली. शाबासकी मिळाली. पुढच्या श्रावणात भिंतीवर फोड आले. हात लावला की रंगाचे कातडे सोलून हातात येई आणि मागून ओली माती भुरभुरे. दुसऱ्या पावसाळ्यात अर्धी भिंत उघडी पडली, सुविचारांतला अर्धाच विचार शिल्लक राहिला. मी रंगाऱ्याला दोष देत होतो, दुकानदाराला दोष देत होतो. तेव्हा आजी म्हणाली, “गुरुजी, मानसावानी भितीले बी घाम येते. तुमी तिले मेणकापड नेसवलं. आता थो घाम जाईन कुठी?”

एवढे साधे शास्त्र मला कळले नव्हते! मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडते. गेरू, चुना, पांढरी माती यांतून ओल बाहेर जाऊ शकते. तैलरंग म्हणजे आपल्या जवसाच्या तेलासारख्या, वाळून कातडे होणाऱ्या पदार्थात कालवलेला रंग. ते कातडे ओल आत कोंडते, आणि कोंडलेली ओल शेवटी कातड्याला ढकलून देते. ही चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे म्हणा. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांची डागडुजी करण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी पुष्कळ चांगले काम केले, पण चित्रांवर लाखेचे रोगणही चढविले. ते पुढे पिवळे पडले, काळवंडले आणि काढता काढता पुढच्या पिढ्यांची पुरेवाट झाली. म्हणून माझे सांगणे, मातीच्या चित्रावर रोगण लावू नका. टिकावे म्हणून जे फासाल तेच त्याला खाईल.

दुसऱ्या वर्षी मी आजीला म्हटले, “आजी, ओसरी पुन्हा लिंपून घेतो. तुम्ही मोर काढा.” ती हसली. पण तिचे हात तोपर्यंत कापू लागले होते. नाग काढला, बैल काढले, मोर राहिला. त्याच हिवाळ्यात ती गेली. तो मोर ती कुठून सुरू करी, पिसाऱ्याचे ठिपके किती मांडी, हे मी कधी पाहून ठेवले नव्हते. तीन वर्षे मी त्या भिंतीजवळून दिवसातून दहा वेळा जात होतो.

असो. आता रंगांकडे वळू.

मुख्य रंग पाचच पुरेत. तांबडा गेरू, पिवळी पेवडी, पांढऱ्यासाठी चुना किंवा खडूची माती, काळ्यासाठी दिव्याची काजळी, आणि निळ्यासाठी धुण्याची नीळ. गेरू आणि पेवडी किराण्याच्या किंवा रंगाच्या दुकानात मिळतात. दोन्ही वस्त्रगाळ करून घ्यावीत. पेवडीत नीळ घातली की हिरवा होतो. फार झगझगीत नाही, निंबाच्या जुन्या पानासारखा, पण भिंतीवर तोच शोभतो.

रंग नुसत्या पाण्यात कालविला तर वाळल्यावर बोटाला येतो. त्याला धरून ठेवायला बाभळीचा डिंक लागतो. एक वाटी डिंक चार वाट्या पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळावा. हा डिंक किती घालायचा, याचे माप आजीने मला सांगितले ते असे: भिंतीच्या कोपऱ्यात एक पट्टा ओढावा, वाळू द्यावा, मग बोट घासावे. बोटाला रंग आला तर डिंक कमी. पट्टा चकाकला किंवा त्याला बारीक भेगा पडल्या तर डिंक जास्त. डिंक नसेल तर चिंचोक्यांची खळ चालते; चिंचोके भाजून, साल काढून, दळून, पाण्यात शिजवायचे. मात्र खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

काजळी मोठी हट्टी. ती तेलातून जन्मलेली, पाण्यावर नुसती तरंगते. तिला आधी रिठ्याच्या पाण्याच्या चार थेंबांत आणि दाट डिंकात खलात घोटावे, मग पाणी घालावे. शाळेत हा प्रयोग जरूर करून पाहावा. मुलांना फार गंमत वाटते.

आणि पळस? आपल्याकडे फाल्गुनात रान पेटल्यासारखे दिसते, मग तो रंग का घेऊ नये? मीही हौसेने घेतला होता. फुले उकळून सुरेख केशरी रंग निघाला, भिंतीवर सूर्य काढला. एका उन्हाळ्यात तो सूर्य मावळला. पानाफुलांचे बहुतेक रंग उन्हात उडतात. हळदीचे तसेच, आणि वर चुन्याशी तिचे जमत नाही. चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना पूर्वापार माहीत आहे. पळस रंगपंचमीला ठेवावा, भिंतीला माती द्यावी. मातीचे रंग मुळातच हजारो वर्षे उन्हापावसात पडलेले असतात, त्यांना आपले ऊन काय करणार?

एक इशारा मात्र देतो. जुने ते सगळे निर्धोक असे समजू नका. पिवळ्यासाठी पूर्वी हरताळ वापरीत. पोथीतला चुकलेला शब्द झाकायलाही तोच फासत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. पण हरताळ म्हणजे सोमलाच्या जातीचे विष. शेंदूर, खरा असेल तर, शिशाचा. हिंगूळ पाऱ्याचा. ही तिन्ही मुलांच्या हाती देऊ नयेत. डब्यातल्या तैलरंगांतही पूर्वी शिसे पुष्कळ असे. २०१६ साली केंद्र सरकारने नियम करून घरगुती रंगांतील शिशाला दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घातली. पण घरात कुठे जुना डबा पडला असेल तर तो मुलांना देऊन ‘चित्रे काढा’ म्हणू नये. आणि चुना विझविणे हे मोठ्या माणसाचे काम आहे. डोळ्यात उडाला तर डोळा जातो.

ब्रश विकत आणायची गरज नाही. वारली लोक बांबूच्या काडीचे टोक चावून कुंची करतात आणि तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात. आपल्याकडे शिंदीच्या पानाचा देठ ठेचून तशीच कुंची होते. मोठ्या जागेसाठी काडीला कापूस गुंडाळून वर फडके बांधावे. कापसाच्या मुलखात ब्रशाला तोटा कशाला?

वारलीचे नाव निघाले म्हणून एक सांगावेसे वाटते. आज पुष्कळ शाळांच्या कुंपणावर वारली पद्धतीची माणसे नाचताना दिसतात. त्या कलेला मोठा मान मिळाला, जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, याचा आनंदच आहे. पण वर्ध्याच्या शाळेने पालघरच्या डोंगरातला तारपा का काढावा? आपला तान्हा पोळा काढा. लाकडी बैल दोरीने ओढणारी पोरे काढा. कपाशी वेचणाऱ्या बाया, त्यांच्या कमरेच्या ओट्या, गाडीवर रचलेला कापूस, धाम नदीवरच्या म्हशी. नंदलाल बोस यांनी हेच केले. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालबाबूंनी सजावट केली ती बांबूसारख्या गावच्या सामानातून. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने ऐंशीच्या वर चित्रे काढली. हातकागदावर, मातीच्या रंगांनी. विषय कोणते? ढोलकी वाजविणारा, चांभार, बैल, कांडण करणाऱ्या बाया. येणारे-जाणारे शेतकरी ती पाहत आणि त्यांत स्वतःला ओळखत. आज त्यांतली पुष्कळशी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे सगळे मातीच्या भिंतीचे झाले. आमचे तर घरकुल सिमेंटचे, त्यावर डिस्टेंपर. त्यावर माती धरत नाही. खरे आहे. अशा घरासाठी मी जुने सूप वापरतो. प्रत्येक घरी फाटके सूप असतेच. नाहीतर बुरडाकडून एखादे बिनकाठाचे तट्टे आणावे. त्याला लगदा लावायचा. जुनी वर्तमानपत्रे फाडून तीन-चार दिवस पाण्यात भिजवावी, उखळात कांडावी. मूठभर मेथी रात्री भिजवून वाटावी आणि त्यात मिसळावी. मेथीने चिकटपणा येतो आणि कडू असल्यामुळे किडेही कमी लागतात. आपल्या आयाबाया टोपल्या अशाच लिंपीत असत. सुपाच्या पाठीवर हा लगदा करंगळीएवढा जाड थापावा, सावलीत वाळवावा. उन्हात ठेवाल तर सूप वाकडे होईल. वाळल्यावर डिंकात कालवलेल्या खडूच्या मातीचे दोन हात द्यावेत, नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटावे. झाली भिंत तयार! यावर हवे ते चित्र काढा आणि खिळ्याला टांगा. घर बदलले तर चित्र बरोबर नेता येते, ही सोय मातीच्या भिंतीत नव्हती. गेल्या वर्षी एका सुपाला मला शंभर रुपयांच्या आतच खर्च आला, त्यातही निम्मा डिंकाचा. बाभळीवरून स्वतः काढला असता तर तोही वाचता.

शिक्षकबंधू-भगिनींनो, तुमच्यासाठी थोडे वेगळे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार, म्हणजे नई तालीम, देशापुढे आला. सेवाग्रामच्या शाळेत १९४४ पासून १९६२ पर्यंत देवीप्रसाद हे शांतिनिकेतनात शिकलेले कलाशिक्षक होते. मुलाच्या चित्राला त्यांनी शोभेची वस्तू मानले नाही, शिक्षणाचा पाया मानले, आणि त्यावर पुस्तकही लिहिले. आपल्याला तेवढे नाही जमले तरी एका भिंतीत किती धडे आहेत पाहा. वहीतल्या चित्रावर एक-एक इंचाचे चौकोन आखायचे, भिंतीवर सहा-सहा इंचांचे. सुतारासारखे गेरूत बुडविलेल्या दोरीने सूत मारायचे. प्रमाणाचा पाठ झाला. एका कागदावर हळद, पळस, गेरू, पेवडी यांचे पट्टे ओढून अर्धा भाग झाकायचा आणि पंधरा दिवस उन्हात ठेवायचा. विज्ञानाचा पाठ झाला. आणि एक गृहपाठ असा द्या की, आपल्या आजीला एक चित्र काढायला सांगायचे, आणि ती कुठून सुरू करते, कोणत्या क्रमाने काढते, ते जसेच्या तसे लिहून आणायचे. मुलांना मदत करू नका. सगळ्यांत उशिरा येतो तो गृहपाठ नीट वाचा, तो मुलगा आजीजवळ जास्त वेळ बसला असेल.

त्या पाणी भरणाऱ्या आजीची नात आता त्याच गावी नांदते. मागच्या वर्षी मी तिला मोराबद्दल विचारले. पिसारा तिला आठवत नव्हता. पण म्हणाली, “आजी डोयापासून सुरू करे. आधी डोया, मंग चोच, मंग मान.” मी घरी येऊन एका सुपावर डोळा काढला आहे. पुढचा मोर अजून जमलेला नाही. मान तिरपी होते, आणि एकाच रेघेत ती कशी आणावी हे समजत नाही. कोणाच्या घरी तसा मोर काढीत असतील तर त्यांनी घरच्या मुलांना तो शिकवून ठेवावा.

पोळ्याला जोडी काढायची असेल तर पांढरी माती आतापासून चाळून ठेवा. कालवायची चार दिवस आधी, आणि डिंक आदल्या रात्री भिजत घालायचा.